शीळ कस्तूर

पावसाळा तोंडावर आला की इगतपुरी, त्र्यंबक, अंजनेरी या डोंगरपट्ट्यातील ओढ्यांकाठी पहाटे, उजाडण्याच्याही आधी, कोणी माणूस शीळ घालीत असल्याचा भास होतो. सूर गोड, पण चाल कुठेच पुरी होत नाही. शाळेला निघालेल्या मुलाने वाटेत रमतगमत मनाला येईल तशी शीळ घालावी, तसे ते गाणे. इंग्रजांनी या पक्ष्याला ‘शीळ घालणारा शाळकरी’ असेच नाव दिले. मराठीत तो शीळ कस्तूर.

लांबी सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीएवढी. दुरून तो काळाच वाटतो. ऊन पडले तरच कपाळावरची व खांद्यावरची निळी झळाळी उमटते. स्वभाव अत्यंत बुजरा. घरटे वाहत्या पाण्यालगत, बहुधा खडकाच्या कपारीत, मुळ्या, शेवाळ आणि चिखल यांचे. आहार किडे, गोगलगायी, खेकडे आणि रानफळे. अहिंसक वाचकास हे रुचणार नाही, पण निसर्गाने त्याला दुसरे काही शिकवलेले नाही. विणीचा काळ बराचसा चातुर्मासाशी जुळतो. साधू-साध्वी एका जागी स्थिरावतात त्याच दिवसांत हाही आपल्या ओढ्याला धरून राहतो.

हा गळाच त्याच्या जिवावर उठला. शिळेसाठी एके काळी त्याला पिंजऱ्यात पाळण्याची हौस होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही देशी पक्ष्यांचा बाजार चालूच राहिला. १९९०-९१ मध्ये त्यांचा व्यापार पूर्णपणे बंद करण्यात आला. तरीही रानपक्षी लपूनछपून विकले जातात, आणि त्यांचे एक गिऱ्हाईक मोठे श्रद्धाळू असते.

पर्युषणात किंवा एखाद्याच्या पुण्यस्मरणार्थ पक्षी मोल देऊन सोडविण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे. हेतू निर्मळ, पण हिशेब उलटा. पेढीवर बसणाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये: ज्या मालाला रोख गिऱ्हाईक आहे, तो पुन्हा भरला जातो. दहा पक्षी सुटले की पारधी पुढच्या खेपेस वीस धरतो, आणि फाशात, टोपलीत, वाटेत किती मेले हे सोडविणाऱ्याच्या वहीत कधीच चढत नाही. शिवाय घाटातला ओढ्याकाठचा पक्षी नाशिकच्या भर वस्तीत उडवला, तर त्याने जावे कुठे? विकणारा दिसल्यास वनविभागाला कळविणे, हीच त्याची सोडवणूक.

कबुतरांना ज्वारी टाकता येते. शीळ कस्तूर दाण्याला येत नाही, दारातही येत नाही. अंजनेरीच्या पायथ्याच्या जैन मंदिरात शके १०६३ चा शिलालेख आहे. काही दुकानांचे उत्पन्न मंदिरास दिल्याची नोंद त्यात आहे. त्याच डोंगरावर आज यात्रेकरू ध्वनिक्षेपक आणि प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन चढतात. ओढ्याची ती कपार वाटेपासून फार दूर नसते.