रुपयात चार आणे

आपल्याकडे 'मोटिव्हेशनल' हा शब्द कानावर पडला की कोट घातलेला, कानाला माइक लावलेला वक्ता डोळ्यांसमोर येतो. आणि 'इंटरव्ह्यू' म्हटलं की नोकरीचा. म्हणून गेल्या वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं साहित्य मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग'ला मराठी शब्द शोधताना मी अडले. 'प्रेरणादायी मुलाखत' लिहिलं तर वाचणाऱ्याला दिवाळी अंकातलं सदर वाटेल. शेवटी नाव तसंच ठेवलं आणि खाली एक ओळ लिहिली : माणसाच्या तोंडून त्याचीच कारणं काढणं.

ही पद्धत विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडली. तो दारू सोडवण्याच्या क्षेत्रात काम करायचा. १९८२ मध्ये तो नॉर्वेतल्या बर्गन शहरात असताना तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्याला मध्येच थांबवून विचारत : तुम्ही आत्ता हाच प्रश्न का विचारलात? या वाक्यावर का थांबलात? उत्तरं देता देता तो जे आपसूक करत होता, त्याची पद्धत तयार झाली. १९८३ ला त्याने तो लेख छापला. पुढे स्टीफन रोलनिक त्याला मिळाला आणि १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं. दारूपासून सुरू झालेली ही गोष्ट मग तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वजन असं करत साध्या दवाखान्यांत पोचली.

त्यांच्या पुस्तकातल्या एका कल्पनेसाठी मला मराठी शब्द चटकन सापडला. समोरच्याचं काही चुकतंय असं दिसलं की लगेच सांगायची आपल्याला जी उबळ येते, तिला मी 'सुधारायची खोड' म्हटलं. डॉक्टरांना असते, मास्तरांना असते, आमच्या घरातल्या थोरल्या माणसांना तर भरपूर असते. आपण एका बाजूने ओढलं की समोरचा दुसऱ्या बाजूने ओढतो. दारू पिणाऱ्याला 'सोड' म्हणा, तो न सोडण्याची सात कारणं सांगेल. आणि जी कारणं माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो, ती त्यालाच जास्त पटत जातात. म्हणून बोलायला लावायची ती बदलाची कारणं.

कागदावर हे ठीक होतं. ते खरं होताना मी पाहिलं माझ्या फुफीच्या बाबतीत.

फुफी मशेरी लावते. शहरातल्या वाचकांसाठी सांगते : बाजारातून तंबाखू आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. भाजताना घरभर खकाणा उठतो. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २७ टक्क्यांच्या आसपास प्रौढ लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. बिडी ओढणारी बाई नावं ठेवून घेते, मशेरीवालीला कुणी काही म्हणत नाही. ती 'दात घासते'.

आशाताईंनी तिशीवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरले, त्यात फुफीचाही भरला. गावाच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, तिला बोलावलं. मी सोबत गेले. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एक तिशीच्या आतली मुलगी होती. तिने रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, मग टॉर्च लावून तोंड पाहिलं. डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. मला वाटलं, आता सुरू होणार : भिंतीवर त्या सडलेल्या तोंडाच्या फोटोचं पोस्टर होतंच.

तिने टॉर्च खाली ठेवला आणि विचारलं, "चाची, मशेरी लावल्यावर बरं काय वाटतं?"

फुफीने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मग म्हणाली, "डोकं उतरतं. सकाळी पोट साफ होतं. दाढ ठणकते ती गप बसते. आन् चार बाया बसतात, तेवढंच बोलणं होतं."

"आणि त्यातलं नको वाटणारं काही?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर लसीकरणाला आलेली पोरं रडत होती. "नातू जवळ येत न्हाई. वास येतो म्हणतो."

"तो तोंड फिरवतो, ते लागतं तुम्हाला."

हा प्रश्न नव्हता. तिचंच वाक्य तिला परत दिलं होतं, जरा खोल करून. फुफी मग बोलतच गेली : तिखट लागलं की तोंड जळतं, सुनेला सांगितलेलं नाही, फुफाजींच्या भावाला जबड्याचा कॅन्सर झाला होता तेव्हा शेवटी त्याला पाणीही नळीने दिलं. त्या मुलीने एकदाही 'बघा, म्हणून सांगते' असं म्हटलं नाही.

"या चट्ट्याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगू का?" तिने आधी परवानगी मागितली. मग एवढंच सांगितलं की असे सगळे चट्टे कॅन्सरचे नसतात, काही पुढे होऊ शकतात, म्हणून दातांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि तंबाखू थांबली तर काही चट्टे कमीही होतात. "हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?"

पुढे ती पट्टी आली, शून्य ते दहा : सोडण्याची तयारी किती? फुफी शाळेत गेलेली नाही. म्हणाली, "रुपयात चार आणे."

माझ्या साहित्यात इथे एक युक्ती होती, ती वाचताना मला पोरकट वाटली होती. दहा का नाही असं विचारायचं नाही, शून्य का नाही ते विचारायचं. मुलीने तेच केलं. "चार आणे का? एक आणा का नाही?"

फुफी हसली. "रोज्यात कुठं लावते मी? पहाटेपासनं मगरीबपर्यंत डबीला हात न्हाई. मेले का?"

"म्हणजे तेरा-चौदा तास, तेही महिनाभर."

"व्हय की."

दुपारची सोडते असं फुफीनेच ठरवलं. सकाळचीबद्दल विचारू नको, हेही तिनेच बजावलं. मुलगी बरं म्हणाली आणि वहीत तेवढंच लिहिलं. बाहेर आल्यावर फुफी मला म्हणाली, "ये छोकरी तो डाटीच नै गे."

हे सगळं बारा-पंधरा मिनिटांत झालं. बाहेर रांग होती, आणि तिला त्याच दिवशी मोबाइलवर नोंदीही भरायच्या होत्या. तिथे समुपदेशन हा एक आकडा असतो : आज किती जणांचं केलं. बारा मिनिटं ऐकलं काय आणि 'मशेरी वाईट' असं दरवाजातून ओरडलं काय, आकडा एकच. शिवाय ही पद्धत काही जादू नाही. अभ्यासांतून दिसणारा तिचा परिणाम बेताचाच आहे, कुठे बरा, कुठे किरकोळ. आणि तिच्याने दाढ बरी होत नाही. फुफीची दाढ ठणकते म्हणून मशेरी लागते आणि दातांचा डॉक्टर तालुक्याला, एसटीने दीड तास. त्या दाढेचं काय करायचं हे कुठल्याही मोकळ्या प्रश्नात बसत नाही. मला तर वाटतं, आधी दाढ काढून दिली असती तर चार आण्यांचे आठ झाले असते.

चार महिने झाले. पाच वेळची आता दोन वेळा आहे, सकाळची आणि निजायच्या आधीची. तालुक्याच्या डॉक्टरांनी चट्टा पाहून तुकडा काढून तपासायला सांगितला आहे. फुफी त्याला तयार नाही. हात लावला की वाढतं, असं तिला शेजारणीने सांगितलंय. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं की तुकडा काढायचं म्हटल्यावर सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. ती म्हणाली, सुनेला कळण्याची. येत्या गुरुवारी उपकेंद्रात तिची तारीख आहे. सुनेला घेऊन यायचं की नाही, ते अजून तिचं ठरलेलं नाही.