सहस्रकुंडला जाण्याआधी

सहस्रकुंडचा धबधबा पाहायला आम्ही पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात. शाळेला सुट्टी लागली होती, पाहुणे आले होते, गाडी मिळाली होती. सगळं जुळून आलं होतं, फक्त पाणी नव्हतं. समोर काळे खडक, त्यांच्या खळग्यांत साचलेलं हिरवट पाणी आणि भाजून काढणारं ऊन. धाकटा मुलगा विचारत राहिला, ‘‘अम्मी, धबधबा कुठे गेला?’’ दिवसभर वर्गात मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मी. पण त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक माझीच होती. शिक्षकाच्या घरात सहल सुट्टी पाहून ठरते. नदी मात्र शाळेचं वेळापत्रक पाहत नाही. पैनगंगेवरचा हा धबधबा पावसाळ्याचा आहे. जुलै ते सप्टेंबर हा त्याचा खरा काळ. पाऊस चांगला झाला तर ऑक्टोबरातही धार असते. उन्हाळ्यात तिथं जाणं म्हणजे ईद होऊन गेल्यावर ईदगाहवर जाणं.

परत येताना मी ठरवलं, पुढच्या वेळी नीट माहिती काढूनच यायचं, आणि येताना लातूरहून अम्मींना घेऊन यायचं. सत्तरी ओलांडली तरी अम्मींनी आयुष्यात धबधबा पाहिला नव्हता.

पण ते इतकं सोपं नव्हतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एक बाई आणि चार मुलं. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. अम्मींच्या मोबाइलवरही तो आला होता. मी सहलीचा विषय काढला की त्या एवढंच म्हणायच्या, ‘‘नक्को बेटा. पानी से मज़ाक नक्को.’’ मुलांचे अब्बाही त्यांच्याच बाजूचे. मुलगी म्हणाली, ‘‘दादा लोक मित्रांबरोबर जाऊन येतात. आपल्याला कुणी नेतच नाही.’’ तिचं खरं होतं. आपल्याकडे धोका दिसला की बायका आणि म्हातारी माणसं घरी राहतात, आणि जाणारी तरुण मुलं काहीही न विचारता निघतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, असं मला वाटलं. मग मी भूगोलाचं पुस्तक आणि नकाशा घेऊन बसले.

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. वाशिम आणि हिंगोलीचा भाग करून ती नांदेड आणि यवतमाळ यांच्या सीमेवरून वाहते. सहस्रकुंडला अलीकडचा काठ नांदेडच्या किनवट तालुक्याचा, पलीकडचा यवतमाळच्या उमरखेडचा. १९४७ पर्यंत या भागात अलीकडे निजामाची हुकूमत होती आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. इथला खडक दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बसाल्ट. नदीने तो कोरून कोरून कुंडं केली आहेत, म्हणून नाव सहस्रकुंड.

नकाशा पाहताना जी गोष्ट लक्षात आली, ती प्रत्येक आईने समजून घ्यावी. धबधब्यावर ऊन असलं तरी नदी वाढू शकते. वर, यवतमाळ-हिंगोलीच्या सीमेवर पैनगंगेवर इसापूर धरण आहे. धरण भरलं की दरवाजे उघडतात. धरणाच्या खाली हिंगोलीकडून येणारी कयाधू नदी पैनगंगेला मिळते. म्हणजे पाऊस काल रात्री हिंगोलीला पडला असेल आणि पाणी आज दुपारी आपल्या पायाशी येईल. आपण आभाळाकडे पाहत बसतो, पाणी मात्र मागून येतं. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फक्त नांदेडच्या पावसाचा अंदाज पाहून चालत नाही. हिंगोलीचा पाऊस आणि इसापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमीही पाहायची. धरणातून मोठा विसर्ग चालू असेल तर बेत पुढे ढकलायचा. मुलं रुसली तर रुसू द्यायची.

हे सगळं मी अम्मींना फोनवर समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘इत्ता मालूम करके जा रहे तो चलती मैं.’’

पुढच्या पावसाळ्यात, जुलैच्या शेवटी आम्ही गेलो. रविवार मुद्दाम टाळला, कारण सुट्टीच्या दिवशी तिथं जत्रा असते. काठावर महादेवाचं मंदिर आहे, त्यामुळे श्रावणी सोमवारीही गर्दी असते. मी एक किरकोळ रजा टाकली आणि शनिवारी सकाळी सातला नांदेड सोडलं. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर असा रस्ता. इस्लापूरहून काही किलोमीटर आत गेलं की नदी. स्वतःची गाडी नसेल तर किनवटकडे जाणारी एसटी आहे, आणि मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. मात्र गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

बायकांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते, कारण पुरुषमंडळी त्या सांगत नाहीत. स्वच्छतागृहाची सोय वाटेतल्या गावातच पाहून घ्यावी, धबधब्यावर मिळेल या भरवशावर राहू नये. बुरख्याचा किंवा अबायाचा घेर जमिनीला टेकणारा नसावा. ओल्या शेवाळावर तो पायात येतो आणि माणूस सरळ खाली जातो. चपला नकोत, तळव्याला खाचा असलेले बूट हवेत. डब्यात आम्ही मेथीचे पराठे, टमाट्याची चटणी आणि गुलगुले नेले. मंदिराजवळ भाविकांची ये-जा असते, म्हणून मांसाहार घरीच ठेवला. प्लॅस्टिकचा कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी घेतली.

नमाजचंही आधीच ठरवलं. आमच्या हनफी घरात साधारण ७८ किलोमीटरपेक्षा दूर जाणारा मुसाफिर धरला जातो, म्हणून जोहरचे चार फर्ज न पढता दोन कसर पढायचे होते. मुलांना हे पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी ते पहिल्यांदा करून पाहिलं. चटई आणि अम्मींसाठी घडीची खुर्ची गाडीत होती.

पोहोचलो तेव्हा आवाज आधी आला, पाणी नंतर दिसलं. लालसर मातकट नदी काळ्या खडकांवर येऊन फुटत होती. एकच धार नाही, कितीतरी धारा शेजारी शेजारी कोसळत होत्या आणि खालून धुरासारखे तुषार उठत होते. अम्मी काठावर बऱ्याच दुरून उभ्या राहिल्या. तोंडातून फक्त ‘‘सुब्हानअल्लाह’’ निघालं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि तासभर उठल्याच नाहीत.

इतकी तयारी करून गेलेली मी, तरी एका क्षणाला गाफील राहिले. मुलगी फोटो काढत होती. धाकटा तिच्या सांगण्यावरून उतारावरच्या एका सपाट खडकावर जाऊन उभा राहिला. खडक कोरडा होता, पाणी चांगलं दहा-बारा हात लांब. मीही ‘‘जरा डावीकडे सरक’’ म्हणाले. तेवढ्यात कणसं भाजणारा एक माणूस ओरडला, ‘‘मॅडम, लेकराला वर बोलवा! पाणी गढूळ व्हायलंय, काड्या यायलेत!’’

मला काहीच फरक दिसत नव्हता. पाणी आधीही मातकटच होतं. पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी प्रश्न विचारला नाही. मुलाला वर ओढून घेतलं. मग पाहिलं तर खरंच पाण्यावर काटक्या, पालापाचोळा, फेस. दहा-पंधरा मिनिटांत तो सपाट खडक पाण्याखाली गेला. आरडाओरडा झाला नाही, लाट आली नाही. पाणी गुपचूप वर चढलं. तिथं ऊन पडलेलं होतं.

माझे हातपाय नंतर बराच वेळ थरथरत होते. नकाशावर मला सगळं कळलं होतं. पण नदी वाचायची कशी, हे त्या कणीसवाल्याला माहीत होतं. म्हणून आता मी सगळ्यांना सांगते, कुठल्याही धबधब्यावर पोहोचलात की आधी तिथल्या माणसाला विचारा. पाणी कुठपर्यंत येतं? कुठं उभं राहायचं नाही? चहावाला असो, गुराखी असो, कोळी असो. तो सांगेल ती रेघ ओलांडायची नाही. पाण्याचा रंग बदलला, काडीकचरा वाहू लागला, आवाज वाढला, की फोटो अर्धा टाकून वर यायचं. त्या माणसाला मी पैसे देऊ केले तर त्याने दोन कणसांचेच घेतले.

अम्मींनी हे सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या काहीच बोलल्या नाहीत. धाकट्याला जवळ घेऊन बसल्या.

जोहरची वेळ झाली. आम्ही नदीपासून दूर, झाडाखाली चटई टाकली. अम्मींनी पिशवीतून स्वतःचा बधना काढला. लातूरच्या घरातला, तोटीचा, जुना. २०१६ साली धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी एप्रिलमध्ये आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हापासून अम्मींचा वुजू या एका बधन्यात होतो. नळाला पाणी आलं तरी ती सवय सुटली नाही. आताही त्यांनी बाटलीतलं पाणी बधन्यात ओतलं आणि बारीक धारेने हात धुऊ लागल्या.

धाकट्याला हसू आलं. ‘‘नानी, समोर एवढी नदी आहे आणि तुम्ही बधना?’’

‘‘नदी अल्लाह की है बेटा,’’ अम्मी म्हणाल्या. ‘‘मेरे हिसाब में तो बधनाच है.’’

वाहत्या नदीकाठी बसलो तरी वुजूत पाणी वाया घालवू नये, ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची शिकवण मी वर्गात कितीदा सांगितली असेल. मुलांनी मान डोलावली असेल. त्या दिवशी माझ्या मुलाने काही न बोलता नानीच्या हातातून बधना घेतला आणि त्याच बारीक धारेने वुजू केला.

परतताना हिमायतनगरच्या पुढे अम्मींनी विचारलं, हे पाणी पुढे जातं कुठं? मी सांगितलं, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला. ‘‘आणि अम्मी, तुमची मांजराही त्याच्या आधीच गोदावरीला मिळालेली असते.’’

अम्मी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मतलब अपने लातूर का पानी बी इस से मिलता. अगले साल आपा कू बी लेको आएंगे.’’

इन्शाअल्लाह, पुढच्या पावसाळ्यात खालाजान आमच्याबरोबर असतील. त्यांच्या गुडघ्यांसाठी आणखी एक खुर्ची घ्यायची आहे.