निम्मी उंची, आठवा भाग

बरोबर उत्तराचे गुण कापले जातात, हे पूर्वपरीक्षेत पाहिलं आणि अजून पचलेलं नाही.

मी चाळीसगावात दहावीची शिकवणी घेते. माझ्याकडच्या एका मुलीला भूमितीत चार गुणांचं उदाहरण आलं होतं. टोक खाली असलेलं शंकूच्या आकाराचं भांडं, तोंडाची त्रिज्या ७ सेमी, उंची २४ सेमी. काठोकाठ भरलं तर पाणी किती, निम्म्या उंचीपर्यंत भरलं तर किती? पहिलं तिनं सूत्रानं काढलं, १२३२ घसेमी. पुढे तीनच ओळी: पाण्याचा शंकू भांड्याशी समरूप, लांबींचं गुणोत्तर १:२, म्हणून घनफळांचं १:८. उत्तर १५४ घसेमी. त्यावर लाल रेघ आणि समासात ‘सूत्र? किंमती?’ चारांपैकी दोन गुण.

मी शाळेत गेले. सर नीट बोलले. म्हणाले, "मॅडम, उत्तर बरोबर आहे, पण ही रीत पुस्तकात नाही. उद्या बोर्डात कुणी कापले तर?"

पुस्तकात नाही कसं? पहिलंच प्रकरण समरूपता. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं, हे प्रमेय मुलं घोकतात. क्षेत्रफळाला वर्ग चालतो, मग घनफळाला घन का नाही? आणि शेजारच्या मुलाचा पेपर मी पाहिला. त्यानं त्रिज्या ३.५, उंची १२ घालून तेच १५४ काढलं, पूर्ण चार गुण. निम्म्या उंचीवर त्रिज्या निम्मीच का, याबद्दल एक अक्षर नाही. ते कारणसुद्धा समरूप त्रिकोणच आहे! म्हणजे ज्यानं कारण गाळलं त्याला सगळे गुण, जिनं लिहिलं तिचे कापले. सरांना मी हे दोनदा सांगितलं. त्यांनी उत्तरसूची पुढे केली.

आमच्या तालुक्यात तरी हे होऊ नये. इथून जवळच पाटणला, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं मठ काढल्याचा शिलालेख आहे. ११५० च्या ‘लीलावती’त धान्याच्या राशीचं गणित आहे. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाचा दहावा भाग धरायची, परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीनं गुणायचं. परिघ ६० हात, तर उंची ६ आणि घनफळ ६०० घनहस्त. परिघ ३० करा, उंची ३ होते आणि घनफळ ७५. बरोबर आठवा भाग. उंची परिघाला बांधलेली असल्यामुळे एकाच धान्याच्या सगळ्या राशी समरूपच धरलेल्या आहेत. एवढं खळ्यावर चालत होतं, ते उत्तरपत्रिकेत चालत नाही.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच आठवड्यात दुसऱ्या मुलानं बादलीच्या उदाहरणात हाच आठवा भाग लावला. वरची त्रिज्या १४, तळाची ७, उंची ३० सेमी. पूर्ण बादलीत १०.७८ लीटर. निम्म्या उंचीपर्यंत त्यानं सुमारे १.३५ लीटर लिहिले. प्रत्यक्षात साडेतीन लीटरच्या वर पाणी असतं, कारण शंकुछेदात पाण्याचा आकार बादलीशी समरूप राहत नाही, तळ तेवढाच राहतो. तेव्हा क्षणभर सरांची बाजू मला पटली. आठवा भाग पाठ झाला की मुलं तो कुठेही चिकटवणार, मग पायऱ्या मागितल्या तर काय चुकलं?

म्हणून आता मी मुलांना आधी विचारते, हे दोन आकार समरूप आहेत का, कशावरून? मग उलटा प्रश्न देते: त्याच शंकूत निम्मंच पाणी हवं असेल तर किती उंचीपर्यंत भरायचं? बहुतेक जण १२ म्हणतात. उत्तर १९ सेमीच्या किंचित वर आहे. पालकांनीही घरी हे करून पाहावं, खर्च काही नाही.

तरी त्या मुलीचे दोन गुण गेले ते गेलेच. तिनं नुसतं १:८ लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. तिनं आधी ‘समरूप’ लिहिलं होतं, आणि लाल रेघ नेमकी त्या ओळीवर होती.