ॲम्पविना गिटार
गिटारचा ॲम्प घेण्याइतके पैसे आमच्या ग्रुपकडे नाहीत. आहे तो छोटा प्रीॲम्प आणि कॉलेजचा पॉवर्ड स्पीकर. ‘भागतंय ना!’ सगळे म्हणतात. भागतं, पण त्यामागचं गणित कळायला हवं. ॲम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज आपोआप गाळतो. पॉवर्ड स्पीकर तो गाळत नाही. मग डिस्टॉर्शन माशी घोंगावल्यासारखं कानात घुसतं. म्हणून प्रीॲम्पवरचं कॅबिनेट सिम्युलेशन चालू ठेवायचं नि केबल लाइन इनपुटला जोडायची. शेजारच्याच इनपुटला गाणारीचा माइक असतो. ॲम्प असता, तर मी फक्त माझंच ऐकलं असतं. इथे दोघांना एकच स्पीकर. तिच्या शब्दांना जागा सोडूनच वाजवावं लागतं, आणि तेच मला आवडू लागलंय.