काळजी करणं आणि काळजी घेणं

मुलांनो, अर्ज कसा लिहायचा ते तुम्हांला शाळेत शिकवतातच. वर 'माननीय मुख्याध्यापक यांस', मग विषय, मग कारण आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. मला तर हा प्रश्न फार आवडायचा. ताप आला, आजी आजारी पडली, मामाचं लग्न निघालं... कारण कसं छान रंगवून लिहिता यायचं! पण आज मी तुम्हांला ज्या अर्जाची गोष्ट सांगणार आहे, त्यात मनातलं लिहायला एका ओळीचीसुद्धा जागा नव्हती. आणि तो अर्ज सिद्धीला जायला मला चार वर्षं लागली.

आधी माझी ओळख सांगते. मी मूळची कराडची. मराठी शाळेत शिकले, पुढे बी.कॉम. झाले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियात आलो. लेक झाली, ती शाळेत जाऊ लागली, आणि माझे दिवस घरात भराभर निघून गेले. तुमच्यापैकी अनेकांच्या आईचं जे वय असेल, तेच माझं.

२०२० साल तुम्हांला अंधुक आठवत असेल. शाळा बंद, विमानं बंद. त्या सप्टेंबरात माझे बाबा कोविडने आजारी पडले आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. आई घरात अडकलेली, मी सातासमुद्रापलीकडे. रोज संध्याकाळी तिथल्या एक सिस्टर, पायापासून डोक्यापर्यंत त्या पांढऱ्या पोशाखात गुरफटलेल्या, आपल्या फोनवरून मला बाबा दाखवायच्या. दोन-तीन मिनिटंच. पण तेवढ्यात त्या बाबांच्या उशीची घडी नीट करायच्या, ओठांना ओला कापूस लावायच्या आणि ऑक्सिजनचा आकडा वाचून दाखवायच्या. बाबा घरी परत आले नाहीत. त्या सिस्टरांचा चेहरा मी कधीच पाहिला नाही, फक्त डोळे पाहिले.

मी इथे बसून काळजी करत होते. त्या तिथे उभं राहून काळजी घेत होत्या. बघा, मराठीत शब्द एकच, पण 'करणं' आणि 'घेणं' यांत केवढं अंतर! ते अंतर ओलांडायचं, असं मी त्या वर्षी ठरवलं. नर्स व्हायचं.

पण चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा शाळेत कोण घेणार? इथे कामाला आलं कम्युनिटी कॉलेज. नाव ऐकून एखाद्या विशिष्ट समाजाचं कॉलेज वाटेल, पण तसं नाही. कम्युनिटी म्हणजे इथे आजूबाजूची वस्ती. अमेरिकेत अशी सरकारी, दोन वर्षांची कॉलेजं जागोजागी आहेत. त्यांतलं सर्वांत जुनं इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली सुरू झालं. एकट्या कॅलिफोर्नियात आज ११६ आहेत. अठरा वर्षं पुरी झाली की कुणीही जावं. फीसुद्धा आवाक्यातली. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर, आणि बहुतेक विषय तीन ते पाच युनिटांचे. माझ्या वर्गात एकोणीस वर्षांची मुलं होती, ट्रक चालवणारे एक काका होते आणि दोन नातवंडांची एक आजीही होती.

अशा कॉलेजात नर्सिंग शिकवावं, ही कल्पना मिल्ड्रेड माँटॅग या विदुषींची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसची फार टंचाई झाली होती. तेव्हा, दोन वर्षांत कॉलेजमध्येच नर्स तयार करता येईल, असं त्यांनी १९५१ साली मांडलं, आणि १९५२ पासून काही कॉलेजांत तसा प्रयोग सुरू झाला. प्रयोग यशस्वी झाला. आपल्याकडे जीएनएम तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं असतं. इथे ही दोन वर्षांची पदवी घेतली आणि परवान्याची परीक्षा दिली की नोंदणीकृत नर्स होता येतं.

मग अडचण कुठे आली? तर अशी, की कॉलेजचं दार सताड उघडं, पण नर्सिंगची खोली लहान! नर्सिंग काही नुसतं फळ्यावर शिकता येत नाही, इस्पितळात खऱ्या रुग्णांजवळ शिकावं लागतं. तिथे एका शिक्षिकेच्या हाताखाली दहाच्या आसपासच विद्यार्थी ठेवता येतात. त्यांनी सगळ्यांवर लक्ष ठेवायचं ना! त्यामुळे जागा चाळीस आणि अर्ज काही शे, अशी आमच्याकडची स्थिती.

आणि अर्ज करण्याआधीच अभ्यास. मानवी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र आणि इंग्रजी निबंधलेखन हे विषय आधी चांगल्या गुणांनी पास व्हायचे, विज्ञानाचे विषय प्रयोगशाळेसकट. शिवाय बऱ्याच कॉलेजांत विज्ञानाचे गुण पाच-सात वर्षांनी शिळे होतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. मी वाणिज्य शाखेची! शरीरात २०६ हाडं असतात एवढंच मला ठाऊक. आता त्या प्रत्येकाचं नाव, त्यावरचे खाचखळगे, सगळं पाठ करायचं होतं. मग आमच्या घरात मोठी गंमत सुरू झाली. माझी लेक कार्डांच्या एका बाजूला हाडाचं चित्र काढायची, दुसऱ्या बाजूला नाव लिहायची आणि मी पोळ्या लाटत असताना समोर धरायची. "आई, सांग लवकर! आणि गृहपाठ झाला का तुझा?" तिचा तो आवाज हुबेहूब माझ्यासारखा असायचा.

त्यानंतर टीज नावाची प्रवेशपरीक्षा. वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी, मिळून १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं. आमच्याकडे त्यात किमान ६२ टक्के लागतात. गणित तुमच्याच पुस्तकातलं असतं. अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर आणि आपलं त्रैराशिक. 'हे आयुष्यात कुठे उपयोगी पडणार?' असं तुम्ही विचारता ना? तर ऐका. डॉक्टरांनी ०.५ मिलिग्रॅम औषध लिहिलं आणि ते टिंब कुणाला दिसलंच नाही, तर ५ होतात. म्हणजे दहापट औषध! म्हणून नर्सिंगमध्ये नियमच आहे की टिंबाच्या आधीचं शून्य लिहायचंच, आणि ५.० असं नंतरचं शून्य कधीही लिहायचं नाही, कारण टिंब पुसट झालं तर त्याचे ५० होतील. एका टिंबावर माणसाचा जीव असतो, मुलांनो.

२०२४च्या सुरुवातीला अर्ज हातात आला. मी मोठ्या उत्सुकतेने पानं उलटली. बाबांबद्दल, त्या सिस्टरांबद्दल काय लिहायचं, ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. पण तुम्हांला नर्स का व्हायचंय, असं कुणी विचारलंच नव्हतं! होते ते नुसते रकाने. गुण किती, ते कोणत्या वर्षीचे, टीजचा निकाल, आधीची पदवी, भारतातल्या गुणपत्रिकेचं मूल्यमापन, दवाखान्यात काम केल्याचा अनुभव. प्रत्येकापुढे पुरावा जोडायचा आणि त्याचे ठरलेले गुण मिळायचे. मला वाईट वाटलं. माझ्या मनातल्या मायेला काहीच किंमत नाही का?

त्या रात्री मी तो अर्ज पुन्हा सावकाश वाचला आणि हळूहळू उलगडा झाला. माया असणारी माणसं पुष्कळ असतात. काळजी तर प्रत्येक नातेवाईक करतो. पण काळजी घ्यायची असेल, तर आकडा नीट वाचता आला पाहिजे, सूचना शेवटपर्यंत वाचली पाहिजे, सांगितलेली गोष्ट सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेल्या क्रमाने करता आली पाहिजे. अर्ज तेवढंच विचारत होता, आणि विचारायचा त्याला हक्कच होता.

एक रकाना मात्र पाहून मी चकित झाले. 'इंग्रजीखेरीज कोणती भाषा येते?' त्याला गुण होते! कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नर्सिंगच्या निवडीसाठी जे निकष सांगितले आहेत, त्यांत परभाषेचं ज्ञानही आहे, आणि तिथे दिलेल्या भाषांच्या यादीत भारतीय उपखंडातल्या भाषांचा चक्क उल्लेख आहे. मी कपाटातून दहावीची गुणपत्रिका काढली. 'मराठी, प्रथम भाषा'. इतक्या वर्षांनी ती अशी कामी येईल, असं आमच्या मराठीच्या बाईंना तरी वाटलं असेल का?

निकाल लागला. निवड झाली नव्हती, नाव प्रतीक्षायादीत होतं. फोनवर आई म्हणाली, "अगं, आरएसी समज. पुण्याला कुणी ना कुणी उतरतंच." पण त्या गाडीतून कुणी उतरलं नाही. ऑगस्टात वर्ग सुरू झाले आणि मी घरीच राहिले. खोटं कशाला सांगू, आठवडाभर मला पुस्तकांच्या कपाटाकडे बघवत नव्हतं. शिवाय घरातले पैसेही खर्च झाले होते, आणि विज्ञानाचे गुण शिळे व्हायचं घड्याळ टिकटिकत होतं.

दवाखान्यातल्या अनुभवाचा माझा रकाना रिकामा होता. तो भरायचा, असं मी ठरवलं. नर्सच्या मदतनिसाचं प्रशिक्षण असतं, कॅलिफोर्नियात त्याचे १६० तास. साठ तास वर्गात आणि शंभर तास प्रत्यक्ष काम. ते पुरं करून मी एका नर्सिंग होममध्ये लागले. इथे नर्सिंग होम म्हणजे छोटं इस्पितळ नव्हे, तर ज्यांना सतत शुश्रूषा लागते अशी, बहुतेक वृद्ध माणसं तिथे राहतात. त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, नाडी आणि ताप मोजून लिहून ठेवायचा. जे अंथरुणाला खिळलेत, त्यांना साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहिल्या महिन्यात माझी कंबर इतकी दुखायची, की मलाच कुणीतरी कुशीवर वळवावं असं वाटायचं!

तिथे एक आजी होत्या. त्यांचं नाव-गाव सांगणार नाही, रुग्णाबद्दल बाहेर बोलायचं नसतं. त्यांना विस्मरणाचा आजार होता. अशा आजारात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी पुसली जाते आणि लहानपणीची तेवढी उरते. आजींचं इंग्रजी गेलं होतं. रात्र झाली की त्या उठून बसायच्या आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या. कुणाला ते कळत नव्हतं. कुठे दुखतंय का, म्हणून सगळे त्यांना तपासायचे. माझी पहिली रात्रपाळी आली. मी दारातून ऐकलं, "दार लावलं का गं?"

मी जवळ जाऊन म्हटलं, "लावलं हो आजी. कडीसुद्धा घातली."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, आडव्या झाल्या आणि झोपल्या.

भाषेचा तो रकाना अर्जात का होता, ते मला त्या रात्री नीट समजलं. मी ते वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहून, त्याचं उत्तरही लिहून, आजींच्या कागदांबरोबर लावायला नर्सबाईंकडे दिलं. मग माझी सुट्टी असली, तरी फिलिपिनो मदतनीस मुली मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागल्या, "लावलं हो आजी."

२०२५ साली मी पुन्हा अर्ज केला. या वेळी अनुभवाचा रकाना भरलेला होता आणि माझी निवड झाली. ऑगस्टपासून मी नर्सिंगच्या वर्गात जाऊ लागले. औषध देण्याच्या धड्यात पहिल्यांदा काय शिकवलं असेल? पाच गोष्टी. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आणि त्या पडताळायच्या तीनदा. मला हसूच आलं. तो रकान्यांचा अर्ज म्हणजे याचीच तर रंगीत तालीम होती!

तुमच्यापैकी कुणाला पुढे नर्स व्हायचं असेल, मुलींनो आणि मुलांनो, तर गणितातलं टिंब आजपासूनच जपा. आणि आईबाबांनो, तुमच्यापैकी कुणाचं शिक्षण अर्ध्यात राहिलं असेल, तर मुलांच्या शेजारी बसून पुस्तक उघडायला लाजू नका. मुलं फार कडक मास्तर असतात, पण शिकवतात मनापासून. घरात कुणी आजारी पडलं, तर त्यांचा ताप मोजा, वेळ बघा आणि दोन्ही एका कागदावर लिहून ठेवा. काळजी करणं थांबणार नाहीच. पण ती घ्यायला तुम्ही तेवढ्यातच सुरुवात केलेली असेल.