तारप्याच्या रिंगणात

बोईसर-तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आणि औद्योगिक वसाहत आठवते. पण भातकापणीच्या दिवसांत सायंकाळी रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडील वारली पाड्यांकडे वळलात, तर निराळाच सूर कानी पडेल. तो तारप्याचा. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून घडलेले हे वाद्य फुंकणारा मध्ये असतो. भोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफून माणसे फेर धरतात.

असा फेर दूर स्कँडिनेव्हियातही धरला जातो. जूनच्या उत्तरार्धात, मिडसमरच्या सणाला, स्वीडनमधील लोक पानाफुलांनी सजवलेल्या खांबाभोवती नाचतात. त्यात आजी-आजोबा असतात आणि नातवंडेही.

म्हणून घरातील वृद्धांना 'तुम्हाला झेपणार नाही' असे सांगून मागे ठेवू नका. यजमानांना विचारून पाठीची खुर्ची रिंगणाजवळ मांडा; गुडघे साथ देत नसले तरी टाळीने ठेका धरता येतो. पाणी, वेळेची औषधे, काठी आणि विजेरी जवळ असू द्या. छातीत दुखले, धाप लागली वा भोवळ आली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्या.

झोपेची गोळी मागायला येणाऱ्या कित्येक वृद्धांना खरी गरज सोबतीची असते, हे मी दवाखान्यात नित्य पाहतो. ती मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. तुम्ही मात्र त्यांचा हात धरून त्यांना रिंगणापर्यंत नेऊ शकता.