शिनह्वा गुरुजी

या, बसा. टेबलावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाशेजारी लाल सदऱ्यातले ते ठेंगणे गृहस्थ दिसतात ना, तेच शिनह्वा गुरुजी. मोल्सवर्थसाहेब दोन्ही हातांनी उचलावे लागतात. शिवाय १८५७ची आवृत्ती, म्हणजे वयाचा मानही मोठा. त्यांच्यापुढे गुरुजी तळहाताएवढे. पण पोटात दहा हजारांहून जास्त चिनी अक्षरं. शिनह्वा म्हणजे नवा चीन, आणि गुरुजी म्हणजे चिनी अक्षरांचा कोश. हल्ली मुक्काम जठारपेठ, अकोला.

अकोल्याचा मे महिना त्यांना मानवत नाही. पारा पंचेचाळिसाच्या वर चढला की अंगावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन चिकट होतं आणि हात लावला की चरचरतं. कूलरसमोर ठेवावं तर पानं फडफडवून खोलीभर नाराजी. पहिला पाऊस पडेपर्यंत त्यांच्याशी बेतानेच बोलावं.

समोरच्या काकूंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हे इवलीशी पोथी कायची व्हय बाप्पा?" चिनी अक्षरांची, म्हटल्यावर त्यांनी चार पानं उलटली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि गुरुजींना हळूच जागेवर ठेवलं. "चित्रंच काढेल हायेत सारे," म्हणाल्या. गुरुजींचा खरा स्वभाव त्या एका वाक्यात आला.

कारण गुरुजींना अर्थ विचारायचा असेल, तर आधी चित्र नीट पाहावं लागतं. रस्त्यावरच्या पाटीवर अनोळखी अक्षर दिसलं. उच्चार ठाऊक नाही, मग शोधणार कुठे? गुरुजी म्हणतात, कूळ सांगा. प्रत्येक अक्षराला एक कूळ असतं: कुणी पाण्याचं, कुणी झाडाचं, कुणी तोंडाचं, कुणी माणसाचं. २००९च्या प्रमाण यादीत अशी २०१ कुळं आहेत. कूळ ओळखा, त्याच्या रेघा मोजा, यादीत ते गाठा. मग अक्षराच्या उरलेल्या भागाच्या रेघा मोजा. तेवढ्या रेघांच्या गटात ते उभं असेल आणि त्याच्यापुढे पानाचा आकडा. एवढं झाल्यावर गुरुजी तोंड उघडतात.

आणि मोजण्यात फार काटेकोर. तोंडाचं कूळ म्हणजे साधा चौकोन. चौकोनाला बाजू चार, म्हणून चार रेघा मोजल्या तर अक्षर सापडणारच नाही. गुरुजींच्या लेखी रेघा तीन. वरची आडवी रेघ हात न उचलता उजव्या कोपऱ्यात वळून खाली उतरते, म्हणून ती एकच. हे नुसतं पाहून कळत नाही, स्वतः लिहून पाहिलं की कळतं. गुरुजी रागावत नाहीत. दार बंद ठेवतात, आणि पुन्हा लिहून येईपर्यंत थांबतात. मनाने मात्र मऊ. ज्या अक्षरांचं कूळच धड ओळखू येत नाही, त्यांच्यासाठी त्यांनी वेगळी यादी ठेवली आहे, तिचं नावच 'शोधायला अवघड अक्षरं'. तिथे कूळ विचारत नाहीत. एकूण रेघा सांगा आणि आत या.

थोडा अभिमान आहे त्यांना, आणि तो शोभतो. भाषापंडित वेइ च्येनकुंग यांच्या हाताखाली हा कोश घडला आणि १९५३ मध्ये पहिल्यांदा छापला गेला. नव्याने अक्षरओळख होणाऱ्या कोट्यवधी लोकांसाठी तो होता. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत पोरांच्या हाती कोश उरेना, तेव्हा पंतप्रधान चौ एन-लाय यांनी सुधारित आवृत्तीचं काम लावून धरलं आणि ती १९७१ मध्ये निघाली. गिनेसवाल्यांनी नोंद केली ती २०१५ पर्यंतच्या ५६ कोटी ७० लाख प्रतींची. हा आकडा कुणी काढला की लाल वेष्टन जरा जास्तच चकाकतं, असं मला नेहमी वाटतं.

उच्चारांसाठी गुरुजी रोमन कपडे घालतात. १९५८ मध्ये चीनने ही लेखनपद्धत स्वीकारली. पण कपड्यांवर जाऊ नये. तिथे 'ब' दिसला तरी उच्चार 'प'कडे झुकतो. राजधानीचं नाव आपण बीजिंग लिहितो, ते कानाला पेइचिंगच्या जवळचं लागतं. इथे मराठी माणसाला एक जुनी शिदोरी कामी येते. 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च आपण लहानपणापासून वेगळे म्हणतो. गुरुजींकडेही हे दोन च आहेत, आणि रोमन लिपीत त्यांना दोन वेगळी अक्षरं दिलेली आहेत. आमच्या प्रतीत समासात पेन्सिलीने एका ठिकाणी 'चाक' आणि दुसऱ्या ठिकाणी 'चहा' असं लिहिलेलं आहे. गुरुजींनी ते कधी पुसू दिलं नाही.

वऱ्हाडी माणसाला तर आणखी एक शब्द आधीपासून येतो. चांगलं, बरं, ठीक या अर्थाचा त्यांचा शब्द 'हाओ', खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या सुरात. आमच्याकडे एखाद्याला काम सांगितलं आणि तो जरा विचार करून तयार झाला, की म्हणतो, "हौऽ". तोच झोका. हेच अक्षर वरून धाडकन खाली पडणाऱ्या सुरात म्हटलं, की अर्थ होतो आवड असणं. अक्षर एक, सूर दोन, म्हणून गुरुजींनी त्याला दोन जागी घर दिलंय.

त्यांच्या पोटात आपले नातेवाईक निघतात, हे कळलं तो दिवस विसरता येत नाही. 'छाना' म्हणजे क्षण. हा आपला क्षणच, बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांबरोबर तिकडे गेलेला. 'मोली' हे फूल म्हणजे मल्लिका. संघ तिथे 'संग' होऊन भिक्षू झाला. मार या सैतानासाठी तर त्यांनी एक अक्षरच नवीन घडवलं. सातव्या शतकात चिनी भिक्षू श्वानझांग महाराष्ट्रात येऊन गेला, परतताना शेकडो ग्रंथ घेऊन गेला आणि उरलेलं आयुष्य त्यांच्या भाषांतरात घालवलं. असे शब्द गुरुजींकडे बघताबघता सापडतात, आणि सापडले की त्या दिवशी दुसरं काही शोधावंसं वाटत नाही.

मागच्या पानांत गुरुजी पंचांगही बाळगतात. वर्षाचे चोवीस भाग, प्रत्येक सुमारे पंधरा दिवसांचा, सूर्याच्या चालीवर मोजलेला. त्यात जूनच्या सहा तारखेच्या सुमारास 'मांगचुंग' लागतो: कुसळाच्या धान्याचा, कापणीचा आणि पेरणीचा काळ. अन् आमच्याकडे ७-८ जूनला मिरग. हिशोब दोघांचाही सूर्याचाच. एका बाबतीत मात्र गुरुजींचं इथे कुणी ऐकत नाही. 'मोठा उन्हाळा' ते जुलैच्या शेवटी सांगतात, तेव्हा अकोल्यात छत्र्या उघडलेल्या असतात आणि कपाशीला डवरणी चाललेली असते.

त्यांना घेऊन चीनमध्ये गेलो तेव्हा वाटलं होतं, आता गुरुजी मिरवतील. झालं उलटंच. इथे शेल्फवर एकटे असणारे गुरुजी तिथे घरोघरचे निघाले. गाडीत शेजारच्या आजींनी ते हातातून घेतले, वेष्टनावरून अंगठा फिरवला आणि नातवाला काहीतरी सांगू लागल्या. आपण जुनी बालभारती हाती घ्यावी, तसा चेहरा. पेइचिंगच्या जुन्या गल्ल्यांत, हुथोंगमध्ये, एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, जेवण झालं का? गुरुजींना विचारावं तर ते 'खाणे' एवढंच सांगतात. तो नमस्कार आहे, हे त्यांच्या पानात लिहिलेलं नाही. जठारपेठेत वाढलेल्याला मात्र ते लगेच कळतं. इथे फाटकाशी उभं राहून रोज हेच विचारतात.

तिथून शिच्याच्वांग. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथल्या शहीद स्मारकात विसावले आहेत. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस चिनी शिकले, तिथल्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा: यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ला ते गेले तेव्हा वय ३२. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांचा शेवट एकाच अक्षराने होतो, ह्वा. गुरुजींच्या स्वतःच्या नावातला ह्वा तोच. समाधीसमोर उभं राहून कोटणिसांचं चिनी नाव शोधलं. ख, ति, ह्वा. पहिली दोन्ही अक्षरं झाडाच्या कुळातली. 'ख' म्हणजे फांदी. 'ति' हे एका फुलझाडाचं नाव, कूळ सोडून उरलेल्या रेघा आठ.

परत आल्यावर एका संध्याकाळी काकूंचे भाऊ, म्हणजे मामा, घरी आले होते, बाळापूरकडे शेती असलेले. गुरुजींकडे बघत म्हणाले, "यात आमचा कापूस कुठी हाय?"

कापसाच्या अक्षरात डावीकडे झाड. उजवीकडे वर पांढरं, खाली कापड. चीनमध्ये रेशमाचा धागा जुना, कापूस मागाहून आला, म्हणून त्याचं अक्षर रेशमाच्या अक्षरातला धागा काढून तिथे झाड लावून केलं. झाडाचं कूळ काढलं, उजव्या बाजूच्या रेघा मोजल्या. आठ. त्याच गटात, थोडं पुढे, कोटणिसांच्या नावातला 'ति' उभा होता.

"झाड, पांढरं, कापड," मामा बोट ठेवून म्हणाले. "बराबर हाय." मग खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ते अक्षर काढू लागले, आणि वरच्या रेघेपाशी हात थांबवून विचारलं, "हे एकच व्हय का दोन?"